गवा दिसायच्या आधी: राधानगरीत स्वयंसेवक व्हायचंय त्यांच्यासाठी

पाऊस ओसरला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाच्या मुलीची परीक्षा झालेली असते, कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं, कुणाला नवीन कॅमेरा घेतल्यापासून निसर्गाची ओढ लागलेली असते. "आम्हाला पण अभयारण्यात काम करायचंय," म्हणतात. मी हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "गवा दिसतो ना नक्की?" त्यानंतरचा: "राहायची सोय काय?" करायचं काय असतं, हे विचारणारा फोन वर्षातून एखादा. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी फोनवर अर्धा तास घालवण्यापेक्षा हेच पाठवून देईन.

आधी जागा समजून घ्या. राधानगरी अभयारण्य म्हणजे आपल्या बोलण्यातलं 'दाजीपूर'. ही कोल्हापूर संस्थानची शिकारीची राखीव जागा होती. १९५८ साली दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि १९८५ साली ते वाढवून आजचं ३५१.१६ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य तयार झालं. एका अंगाला राजर्षी शाहूंनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाचा लक्ष्मी तलाव, दुसऱ्या अंगाला काळम्मावाडी धरणाचं पाणी, आणि मधे जंगल. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात महाराष्ट्रातली चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि आपली राधानगरी. बाहेरची माणसं गव्याला 'बायसन' म्हणतात, जुन्या पाट्यांवरही तसंच लिहिलेलं असायचं. बायसन अमेरिकेत आणि युरोपात. आपला तो गवा, फार तर गवारेडा. पहिल्याच दिवशी ही एक चूक सुधारून घ्या, कारण शाळेची पोरं तुमच्या तोंडून ऐकलेलं घरी जाऊन सांगतात.

दाजीपूरच्या आधी रंकाळा

ऐंशी किलोमीटर लांब जाऊन काम करायची हौस टिकेल की नाही, हे कोल्हापूर शहरातच तपासता येतं. सलग चार रविवार सकाळी साडेसहाला रंकाळा तलावावर या. चौपाटीच्या भेळीसाठी नाही, ती संध्याकाळची. एक वही, एक पेन, जमली तर ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण. नसली तरी अडत नाही, पहिल्या महिन्यात डोळे सरावायचे असतात.

एका जागी अर्धा तास उभं राहून दिसेल ते लिहायचं. काळा, बदकासारखा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला पक्षी दिसेल. तो वारकरी. गंध लावल्यासारखा दिसतो म्हणून वारकरी. पक्ष्यांना नावं देणारी आपली जुनी माणसं फार मिस्कील होती. बुडी मारून भलतीकडेच वर येणारी ती टिबुकली. पंख वाळत घालून बसलेला पाणकावळा. गवतातून निळसर जांभळी, लाल चोचीची निघाली तर जांभळी पाणकोंबडी. काठावर पाठ वाकवून बसलेला ढोकरी उडाला की एकदम पांढरा होतो आणि नवखा माणूस "बगळा!" म्हणून ओरडतो. मीही ओरडलो होतो.

रंकाळा लांब पडत असेल तर कळंबा तलाव, राजाराम तलाव, नाहीतर शिवाजी विद्यापीठाचा परिसर. तिथल्या मोरांना माणसांची इतकी सवय आहे की तेच तुमचं निरीक्षण करतात. चौथ्या रविवारी वही उघडून बघा. चारही रविवारच्या नोंदी असतील तर पुढचं वाचा. दोनच असतील तर तुम्ही पर्यटक म्हणून जंगलात जा. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट गाईडच्या घरात दोन पैसे जातील.

अर्ज आणि ओळख

अभयारण्यात आपल्या मनानं जाऊन 'सेवा' करता येत नाही. हद्दीत पाय ठेवायलाही परवानगी लागते, आणि ती वनविभागाच्या वन्यजीव शाखेची. साहेब लोकांची उतरंड नीट लक्षात ठेवा. गावाशेजारच्या जंगलाचा जो तुकडा त्याला बीट म्हणतात, आणि त्या बीटावर असतो किंवा असते वनरक्षक. त्यांच्या वर वनपाल, त्यांच्या वर वनक्षेत्रपाल, म्हणजे ज्यांना सगळे 'आरएफओ साहेब' म्हणतात ते. अर्ज वरच्या कार्यालयात द्यायचा असला तरी तुमचं रोजचं काम वनरक्षक आणि वनमजूर यांच्याबरोबरच होणार आहे.

अर्ज साधा, एका पानाचा करा. नाव, वय, पत्ता, काय काम करता, महिन्यातले कोणते दिवस देऊ शकता, काय येतं. 'काय येतं' याला लोक घाबरतात. पक्षी ओळखता यायलाच हवेत असं नाही. अक्षर चांगलं असणं, एक्सेल येणं, गाडी चालवता येणं, चाळीस पोरांना गप्प बसवता येणं, पाट्या रंगवता येणं हे सगळं उपयोगाचं आहे. आमच्यात एक निवृत्त शिंपी काका होते. त्यांनी निसर्ग परिचय केंद्रासाठी कापडाचा पाच फुटी साप शिवला. आमच्या सगळ्यांच्या व्याख्यानांपेक्षा त्या सापानं जास्त काम केलं. सोबत ओळखपत्राची प्रत, रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर जोडा. अठरापेक्षा लहान असाल तर आईवडिलांचं पत्र.

अर्ज टाकून घरी बसलात तर उत्तराची वाट बघत बसाल. त्यापेक्षा आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या निसर्ग मंडळाबरोबर दोन-तीन वेळा जा. ऑक्टोबरातला वन्यजीव सप्ताह आणि ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह, या दोन वेळी वनविभागालाही माणसं हवी असतात. पक्षी सप्ताहाच्या तारखांमागे कारण आहे: ५ नोव्हेंबर अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा.

अंगावर काय, पिशवीत काय

खाकी, हिरवट, मातकट कपडे. पांढरा नको, भडक नको. लष्करी ठिपक्यांचा ड्रेस तर अजिबात नको. जंगलात त्यानं तुम्ही लपत नाही, उलट चौकीवर प्रश्न सुरू होतात. घोट्याच्या वर येणारे बूट, पँट मोज्यात खोचलेली. पाण्याची स्टीलची बाटली, डबा, टोपी, शिट्टी, टॉर्च. डब्यात घरची भाकरी-चटणी असू दे. वेफर्सचं पाकीट खिशात घेऊन तुम्ही पर्यटकांना प्लॅस्टिकबद्दल सांगू शकत नाही. अत्तर लावू नका.

पावसाळ्यानंतरचे दोन महिने गोचीड आणि बारीक किडे फार. शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग भागात, गोचिडांमुळे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण २०१६ पासून सापडलेले आहेत, त्यामुळे हे हसण्यावारी नेऊ नका. घरी आल्यावर कपडे सरळ गरम पाण्यात, आणि काखा, मांड्या, कानामागं बघून घ्या. पंधरवड्यात ताप आला तर डॉक्टरांना 'जंगलात गेलो होतो' हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

पहिले सहा महिने: कंटाळ्याचं काम

गेटवर उभं राहणं. गाडी येते, आत सहा माणसं, मागच्या सीटवर शीतपेयांच्या बाटल्या, डिकीत कधी कधी पातेलं आणि मटण. कोल्हापूरकर कुठं निघाला की तांबडा-पांढरा बरोबर निघतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. अशा वेळी आवाज चढवायचा नाही. "दादा, बाटल्या मोजून देतो, येताना मोजून परत दाखवा," एवढंच. वहीत गाडीचा नंबर आणि बाटल्यांचा आकडा लिहिला की निम्म्या लोकांचं वागणं तिथल्या तिथं बदलतं, कारण नोंद झालेली असते. उरलेल्या निम्म्यांपैकी कुणी हुज्जत घातली तर तुम्ही मागं सरा आणि वनरक्षकाला पुढं करा. तुमच्याकडं अधिकार नाही, त्यांच्याकडं आहे. हे विसरून भांडत बसलेला स्वयंसेवक मी पाहिलाय; आरशात.

दुसरं काम जाळरेषांचं. जानेवारी-फेब्रुवारीत गवत वाळलं की वणव्याची भीती सुरू होते. आग एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून पट्टे साफ करून ठेवतात, त्याला जाळरेषा म्हणतात. पालापाचोळा ओढायचं काम तुम्ही करू शकता. जाळायचं काम मात्र त्यांचं, तिथं हुशारी नको.

तिसरं, घाणेरी आणि रानमोडी उपटणं. दोन्ही बाहेरून आलेली झुडपं. रानमोडी नाव आपल्या लोकांनी उगाच नाही ठेवलं, रान मोडते ती. पण कुठली उपटायची आणि कुठली राहू द्यायची हे आधी शिका. माझ्या पहिल्या श्रमदानात मी उत्साहात जे ओढून काढलं त्यात निम्मं देशी होतं. बरोबरच्या वनमजूर मावशींनी ढीग बघितला, एक फांदी उचलली, वास घेतला आणि म्हणाल्या, "ही ठेवायची होती की हो सर." त्या 'सर'नं जास्त लागलं.

आणि झाडं लावण्याबद्दल. नवखा माणूस आला की त्याला पहिलं झाड लावायचं असतं. बीजगोळे भरलेली पोती घेऊन लोक येतात. राधानगरीच्या माथ्यावर, तसंच पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर, जे सडे, म्हणजे खडकाळ सपाट माथे आहेत, ते उन्हाळ्यात ओसाड खडकासारखे दिसतात. काळा दगड, वाळकं गवत. बघणाऱ्याला वाटतं, इथं काहीच नाही, चला लावू. तोच सडा श्रावण-भाद्रपदात बघा. बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या मातीत सीतेची आसवं, गेंद, तेरडा, मग सोनकी. सीतेची आसवं तर किडेखाऊ वनस्पती. मातीत पोषण नसतं म्हणून तिनं वेगळी सोय केलीय. या फुलांना उघडं ऊनच लागतं. तिथं झाड जगलं तर त्याच्या सावलीत हे सगळं मरतं, आणि बहुतेक वेळा झाडही जगत नाही. झाडं लावायची हौस असेल तर आपल्या शेताचा बांध, शाळेचं आवार, पंचगंगेचा काठ पडलाय. सड्यावर नको.

पोरांना घेऊन जाताना

माझं सगळ्यात आवडतं काम हे, आणि सगळ्यात जास्त चुका मी इथंच केल्या.

सहल येते. चाळीस-पन्नास मुलं, दोन शिक्षक, तीन तास बसून अंग आंबलेलं. पहिली दहा मिनिटं त्यांना पळू द्या, लघवीला जाऊ द्या, पाणी पिऊ द्या. हे न करता मी सुरुवातीला 'जैवविविधता म्हणजे काय' यावर बोलायचो. मागच्या रांगेत पोरं एकमेकांच्या पिशव्या लपवत असायची.

आता मी दीड-दोन मीटरच्या सुतळीचे तुकडे घेऊन जातो. पाच-पाच मुलांचा गट, प्रत्येक गटाला एक सुतळी. जमिनीवर तिचं रिंगण करायचं आणि दहा मिनिटांत त्या रिंगणात काय काय आहे ते लिहायचं. हात लावायचा नाही, फुंकर मारली तर चालेल. पहिली दोन मिनिटं "सर, काहीच नाही" चालतं. मग कुणाला मुंगी सापडते. मुंगीच्या तोंडात काहीतरी असतं. मग कोळ्याचं जाळं, अर्धं खाल्लेलं पान, कुठलंसं बी, पांढरी बुरशी, पिसाचा तुकडा. शेवटी गट एकमेकांशी भांडतात, आमच्यात तेवीस, तुमच्यात एकोणीस. मग प्रश्न विचारायचे. पान कुणी खाल्लं? रात्री की दिवसा? बुरशी नसती तर? उत्तरं तुम्ही देऊ नका. माहीत असली तरी गिळा. मला हे शिकायला तीन वर्षं लागली, मराठी माणसाला माहिती सांगायची खाज फार.

शहरातली शाळा आणि वाडीवरची शाळा यांत फरक करा. शहरातल्या मुलांना पालापाचोळ्यावर बसायलाच शिकवावं लागतं. वाडीवरच्या मुलांना तुम्ही शिकवू नका, विचारा. एकदा पाणवठ्याच्या चिखलात खुराचे ठसे दाखवून मी ऐटीत सांगितलं, "हे सांबर." सहावीतला एक पोरगा खाली बसला, ठशाशेजारी दोन बोटं टेकवली आणि म्हणाला, "न्हाई ओ सर, भेकराचं हाय. सांबराला चार बोटं लागत्यात." मग त्यानं पुढं जाऊन चार बोटांचा ठसा शोधून दाखवला. त्या दिवसाची उरलेली सहल त्यानंच चालवली. मी मागून पाण्याच्या बाटल्या गोळा करत होतो. टाकळा, कुरडू, भारंगी कधी येते, कोणत्या झाडाचा डिंक चावतात, कुठल्या फळानं तोंड खाजतं, हे त्या मुलांकडं असतं. वर्गात त्याला मार्क नाहीत, म्हणून त्यांना वाटतं ते ज्ञान नाही. तुमच्या वहीत त्यांचं नाव घालून ते लिहिलं की चेहरे बघा.

दोन नियम मात्र कडक. पुढं एक मोठा माणूस, मागं एक, आणि दर टप्प्याला डोकी मोजायची. वारुळात, दगडाखाली, ढोलीत हात घालायचा नाही.

गवा समोर आला तर, आणि साप निघाला तर

मोठा नर गवा टनभर वजनाचा असतो. काळा, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा, मंद वाटतो. तो मंद नाही. आडवा उभा राहून अंग दाखवतो, फुस्स करतो, डोकं खाली घेतो, हे सगळं 'पुरे आता' असं सांगणं आहे. थांबा, बोलणं बंद, आल्या वाटेनं सावकाश मागं. पळू नका. पिल्लू आणि आई यांच्या मधे कधीच येऊ नका. एकटा नर असेल तर अंतर दुप्पट.

अलीकडं गवे उसाच्या फडातून गावाजवळ, शहराच्या वेशीपर्यंत येतात. तेव्हाच स्वयंसेवकाची खरी गरज लागते, आणि ती गव्यासाठी नसते. ती त्याच्यामागं मोबाइल घेऊन पळणाऱ्या दोनशे माणसांसाठी असते. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेला गवा गर्दी, धावपळ आणि पकडापकडीनंतर मेला. एवढं मोठं जनावर भीतीनं आणि दमानं मरतं, हे लोकांना पटत नाही. तुमचं काम दोरी धरून रस्ता मोकळा ठेवणं, गाड्यांचे हॉर्न बंद करायला लावणं आणि व्हॉट्सॲपवर ठिकाण न टाकणं. वनविभागाची हेल्पलाइन १९२६, आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा.

सापांबद्दल थोडक्यात: नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चार आधी चित्रावरून पाठ करा. पकडायचं नाही; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं साप हाताळणं हा खेळ नाही. दंश झाला तर ब्लेड, दोरी, चोखणं, देवऋषी, सगळं बाजूला. चावलेला भाग हलवायचा नाही, माणसाला चालवायचं नाही, १०८ ला फोन आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा सरकारी दवाखान्यात थेट. तिथून गरज पडली तर कोल्हापूरचा सीपीआर, म्हणजे शहरातला मोठा सरकारी दवाखाना.

वही

फोटो काढा, पण आधी लिहा. तारीख, वेळ, ठिकाण, हवा, काय दिसलं, किती, काय करत होतं. 'भरपूर पक्षी' ही नोंद नाही. माझ्या वहीतली एक अशी आहे: "सकाळी ६.५०. धुकं. सड्याची कड. गव्याचं शेण, ओलं, माश्या नाहीत अजून. पुढं चिखलात ठसे, मोठे चार, लहान एक. धनेशाचा आवाज दोनदा, दिसला नाही. शेकरूनं फणस कुरतडून टाकलाय, चीक ताजा." यात मी काही पाहिलं नाही असं कुणाला वाटेल, पण पाच गवे पिल्लासह अर्ध्या तासापूर्वी तिथून गेले एवढं यातून कळतं.

पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाका, बाकीच्या आयनॅचरलिस्टवर. दुर्मीळ ऑर्किड, खवले मांजर, घुबडाचं घरटं यांची नेमकी जागा कुठंही टाकू नका, मित्रांच्या ग्रुपवरसुद्धा. ग्रुपमध्ये मित्रांचे मित्र असतात.

किती वेळ द्यायचा

महिन्यातून एक दिवस, पण वर्षभर. सलग पंधरा दिवस येऊन नंतर गायब होणाऱ्यापेक्षा हा माणूस दहापट उपयोगाचा. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असतं, तेव्हा शहरातलं काम असतं: शाळांत जाणं, गणपतीत पंचगंगेच्या घाटावर मूर्तिदान आणि निर्माल्य गोळा करणं, माहितीफलक रंगवणं. उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची गणना होते. त्याला सगळ्यांना यायचं असतं आणि जागा मोजक्या असतात. गेटवर वर्षभर उभं राहिलेल्यांची नावं त्या यादीत आधी यावीत, असं मला वाटतं, आणि विचारलं तर मी तसंच सांगतो.

दाजीपूरला जायला कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून फोंडाघाटाकडं जाणारी एसटी धरा. हळदी, भोगावती, राधानगरी करत जाते. पहाटेची धरली तर काम होतं, नंतरच्या गाडीनं नुसतं जेवण होतं. परतीची वेळ जातानाच कंडक्टरना विचारून ठेवा.

आणि यायला जमणार नसेल तर आदल्या रात्री नऊच्या आत फोन करा. सकाळी नको. सकाळी सहाला शाळेची गाडी निघालेली असते, तुमच्या गटातली दहा पोरं मग दुसऱ्या कुणाला तरी वाटून घ्यावी लागतात, आणि त्याच्याकडं सुतळी कमी पडते.